मूल कडेवर, भार कमरेवर : बालसंगोपन करणाऱ्या स्त्रियांची अंगदुखी

लहान मुलांना सांभाळणे हे मायेचे काम मानले जाते, पण ते अंगमेहनतीचेही काम आहे. अंगणवाडीतील शिक्षिका आणि मदतनीस, पाळणाघरातील ताई, घरी राहून मूल सांभाळणाऱ्या आया या सगळ्या दिवसभर वाकतात, उकिडव्या बसतात, उठतात, मूल उचलतात आणि कडेवर घेऊन फिरतात. त्यांच्या तक्रारीही बहुतेक सारख्याच असतात: कंबर धरणे, मान आखडणे, खांदा वर न जाणे, अंगठ्याच्या मुळाशी कळ येणे आणि जमिनीवरून उठताना गुडघे दुखणे. एखाद्या अपघाताने अशी दुखणी क्वचितच सुरू होतात. रोजचा थोडा थोडा ताण महिनोन्‌महिने साठत जातो आणि एके दिवशी पाण्याची बादली उचलण्याचे निमित्त होऊन कमरेत उसण भरते. दोष बादलीला दिला जातो, कारण मात्र आधीच्या कित्येक वर्षांच्या कामात असते.

हैदराबादमधील कामाचे स्वरूप

या कामाचे सगळे प्रकार हैदराबादमध्ये एकाच शहरात पाहायला मिळतात. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली. आज शहरातल्या वस्त्यावस्त्यांत तिची केंद्रे, म्हणजे अंगणवाड्या, आहेत आणि त्यांतली पुष्कळशी भाड्याच्या खोलीत भरतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांची पूर्वप्राथमिक शाळा, त्यांचा आहार, वजन-उंचीची नोंद, गरोदर आणि स्तनदा मातांची देखभाल, लसीकरणाला मदत अशी सगळी कामे बहुधा दोनच स्त्रिया करतात. एक शिक्षिका असते आणि दुसरी मदतनीस, जिला तेलंगणात आया म्हणतात.

तेलंगणा सरकारने जानेवारी 2015 मध्ये ‘आरोग्य लक्ष्मी’ योजना सुरू केली. तिच्यामुळे गरोदर आणि स्तनदा मातांना केंद्रातच एक वेळचे पूर्ण जेवण, अंडे आणि 200 मिलिलिटर दूध मिळू लागले. पोषणासाठी हा उपक्रम मोलाचा आहे. पण तो पार पाडायचा तर तांदूळ, डाळ, तेल, दूध आणि अंड्यांचे ट्रे कोणीतरी उतरवून घ्यावे लागतात, रचावे लागतात आणि रोज मोठ्या पातेल्यात स्वयंपाक करावा लागतो. सात महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठीचा ‘बालामृतम’ हा पूरक आहार हैदराबादच्याच नाचारम भागातील ‘तेलंगणा फूड्स’ या सरकारी उपक्रमात तयार होतो आणि पाकिटांतून केंद्रांवर पोहोचतो. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो वायू असतो, पण टाकीचे वजन धरले तर भरलेला सिलिंडर 30 किलोच्या आसपास जातो. म्हणजे मदतनिशीला मुलांखेरीज ही सगळी ओझीही हलवावी लागतात.

शहराच्या पश्चिमेला, माधापूर आणि गच्चीबावलीच्या माहिती-तंत्रज्ञान पट्ट्यात, चित्र वेगळे आहे. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा 26 आठवड्यांची केली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. रजा संपली की बाळ पाळणाघरात येते, तेव्हा ते साधारण सहा महिन्यांचे आणि साडेसात किलोच्या आसपास असते. त्याला चालता येत नाही. दूध पाजणे, लंगोट बदलणे, झोपवणे आणि रडू लागले की उचलून घेणे यातले प्रत्येक काम सांभाळणारीच्या हातांवर पडते. अंगणवाडीत मुले मोठी आणि काम जमिनीवरचे, तर पाळणाघरात मुले लहान आणि काम उचलण्याचे. दुखण्याच्या जागा त्यानुसार थोड्या बदलतात, दुखणे मात्र दोन्हीकडे आहे.

कमरेवर भार किती पडतो

पाठीच्या कण्याच्या तळाशी, कमरेच्या शेवटच्या मणक्याजवळ, वाकलेल्या शरीराचा तोल सांभाळला जातो. ही रचना एक दांडी आखूड आणि दुसरी लांब असलेल्या तराजूसारखी आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटर मागे असतात. पुढे उचललेले मूल मात्र त्याच बिंदूपासून चाळीस सेंटिमीटर लांब असू शकते. दोन वर्षांचे मूल साधारण 12 किलोचे असते. ते हात लांब करून उचलले, तर केवळ त्याचा तोल सावरण्यासाठी स्नायूंना आठपट, म्हणजे सुमारे 96 किलोइतका जोर लावावा लागतो. त्यात उचलणारीच्या स्वतःच्या धडाचे वजन मिळवायला हवे. 50 किलो वजनाच्या स्त्रीचे कमरेवरचे शरीर अंदाजे 25 किलोचे असते. ती पूर्ण वाकली की त्या वजनाचा मध्य कण्याच्या तळापासून सुमारे 25 सेंटिमीटर पुढे जातो आणि आणखी 125 किलोचा जोर लागतो. दोन्ही मिळून बेरीज 220 किलोच्या वर जाते.

तेच मूल आधी जवळ घेतले, गुडघे वाकवले आणि धड शक्य तितके सरळ ठेवले, तर मुलाचे अंतर 20 सेंटिमीटर आणि धडाचे 10 सेंटिमीटरपर्यंत येते. मग एकूण जोर 100 किलोच्या आत राहतो. हा हिशेब ढोबळ असला तरी मूळ मुद्दा त्यातून स्पष्ट होतो: मुलाचे वजन तेवढेच राहते, पण अंतर कमी झाल्यामुळे कमरेवरचा भार निम्म्याहून खाली येतो.

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेने 1991 साली सुधारलेल्या सूत्रात, सगळी परिस्थिती अनुकूल असताना हाताने उचलण्याच्या वजनाची मर्यादा 23 किलो धरली आहे. वस्तू घोट्यांपासून 25 ऐवजी 50 सेंटिमीटर दूर गेली की ही मर्यादा निम्मी होऊन 11.5 किलोवर येते, म्हणजे जवळपास दोन वर्षांच्या मुलाच्या वजनाइतकी. जमिनीपासून उचलावे लागले, उचलताना अंग पिळवटले किंवा तेच काम वारंवार करावे लागले, तर ती आणखी खाली जाते. शिवाय हे सूत्र खोक्यांसारख्या स्थिर वस्तूंसाठी आहे. मूल स्थिर नसते. ते मागे झुकते, पाय झाडते, खाली उतरण्यासाठी अंग टाकून देते. अशा क्षणी पाठीच्या स्नायूंना तयारीशिवाय झटका बसतो आणि नेमकी तेव्हाच चमक भरते.

मूल कडेवर घेतल्याने हात मोकळा राहतो, म्हणून स्त्रिया एकीकडे मूल आणि दुसरीकडे काम अशी सांगड घालतात. पण त्या वेळी कमरेची एक बाजू बाहेर काढावी लागते आणि कणा बाजूला वाकतो. नेहमी एकाच कडेवर मूल घेण्याची सवय असेल, तर त्या बाजूच्या स्नायूंवर आणि माकडहाडाजवळच्या सांध्यांवर ताण साठतो. पुष्कळ जणींची कंबर एकाच बाजूने दुखते, त्यामागे हे एक कारण असू शकते.

गुडघे आणि जमीन

मुलांशी बोलायचे, त्यांना घास भरवायचा, खडू धरायला शिकवायचे तर त्यांच्या उंचीला यावेच लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला उभ्या केलेल्या कामातून महाराष्ट्रातील ग्रामीण बालशिक्षणाला दिशा मिळाली. मुलाच्या परिसरात, त्याच्या जवळ बसून, हाताशी असलेल्या साध्या साधनांतून शिकवण्याची ती रीत होती. मुलांजवळ बसणे हा चांगल्या बालशिक्षणाचा गाभाच आहे. त्यामुळे “खाली बसू नका” हा सल्ला येथे निरुपयोगी ठरतो. खरे प्रश्न दोन आहेत: बसताना पाठीला आधार आहे का, आणि दिवसातून किती वेळा उठबस करावी लागते.

उकिडवे बसल्यावर गुडघा जवळजवळ पूर्ण दुमडतो. वाटी मांडीच्या हाडावर जोराने दाबली जाते आणि गुडघ्यातील गादीसारख्या कूर्चेचा मागचा भाग चिमटला जातो. त्या स्थितीतून हातांचा आधार न घेता, वर कडेवर मूल घेऊन उठताना हा दाब सर्वांत जास्त असतो. फरशीवर गुडघे टेकून काम केल्याने वाटीपुढची द्रवाची पिशवी सुजते. मांडी घालून पाठीला आधार नसताना तासभर बसले, तर कमरेचा नैसर्गिक बाक जातो आणि पाठीचे स्नायू सतत ताणलेले राहतात. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसणेही तितकेच त्रासाचे, कारण गुडघे कमरेच्या वर जातात आणि पाठ पुढे गोल होते. केंद्रातील टेबल, खुर्ची, कपाट, हात धुण्याची जागा असे सगळे काही मुलाच्या मापाचे असते. ते तसेच असायला हवे. पण त्याच खोलीत काम करणाऱ्या मोठ्या माणसाच्या मापाचे बहुधा काहीच नसते, आणि या दुखण्याचे मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे.

खांदा, मान आणि मनगट

अंगणवाडीत वर्षानुवर्षे मुलांचे वजन टांगत्या काट्यावर केले गेले. हा स्प्रिंगचा काटा 25 किलोपर्यंत वजन दाखवतो. तो दाराच्या चौकटीला किंवा तुळईच्या हुकाला अडकवतात. मुलाला चड्डीसारख्या झोळीत घालून खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे, झोळीचा पट्टा हुकात अडकवायचा, मूल स्थिर होईपर्यंत थांबायचे, आकडा वाचायचा आणि पुन्हा उचलून खाली घ्यायचे. एका मुलाचे वजन करायला हे सगळे करावे लागते. हात खांद्याच्या वर गेला की खांद्यातील स्नायुबंध हाडाच्या कमानीखाली दबतात. त्याच स्थितीत दहा किलो पेलण्याची वेळ पुन्हा पुन्हा आली की त्यांना सूज येते, आणि पुढे केस विंचरताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना खांद्यात कळ येऊ लागते. पोषण अभियान 2018 साली सुरू झाल्यानंतर केंद्रांना डिजिटल वजनकाटे देण्यास सुरुवात झाली. मूल उभे करून किंवा निजवून वजन करता येते, त्यामुळे आकडा अचूक मिळतो आणि शिक्षिकेचा खांदाही वाचतो.

मानेचे दुखणे मात्र वाढण्याच्या वाटेवर आहे. बालविकास सेवा योजनेच्या नोंदवह्या अकरा होत्या. 2021 पासून त्यांच्या जोडीला ‘पोषण ट्रॅकर’ हे मोबाइल अॅप आले. डोक्याचे वजन सुमारे पाच किलो असते. ते खाली झुकवून तासन्‌तास भरवणे, लिहिणे आणि मोबाइलवर माहिती भरणे झाले की मानेचे आणि खांद्यावरचे स्नायू आखडतात. कित्येकदा त्यातूनच डोकेदुखी सुरू होते.

मनगटाचे एक दुखणे या कामाशी विशेष निगडित आहे. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ दे क्वेर्व्हे यांनी 1895 साली त्याचे वर्णन केले. अंगठा बाजूला आणि वर नेणारे दोन स्नायुबंध मनगटाच्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात. बाळाच्या काखेत हात घालून उचलताना अंगठे फाकलेले असतात, मनगट वाकलेले असते आणि सगळे वजन या दोन बंधांवर येते. हे वारंवार झाले की बोगद्याचे आवरण जाड होते आणि अंगठ्याच्या मुळाशी सूज व कळ येते. पुढे पिळा मारणे, बरणीचे झाकण उघडणेही जड जाते. नव्या मातांना हाच त्रास होतो. फरक एवढाच की आईचे बाळ मोठे होते आणि त्रास बहुधा ओसरतो, तर पाळणाघरातील ताईच्या हाती दरवर्षी नवी बाळे येतात.

दुखणे का टिकून राहते

थकलेल्या स्नायूला विश्रांती मिळाली तर तो सावरतो. या स्त्रियांना ती विश्रांती क्वचितच मिळते. केंद्रातून घरी गेल्यावर पाणी, स्वयंपाक, धुणी-भांडी आणि स्वतःची मुले-नातवंडे हीच कामे त्याच स्नायूंची वाट पाहत असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार तेलंगणातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्तक्षयात स्नायू लवकर थकतात. ‘ड’ जीवनसत्त्व कमी असेल तर हाडे आणि स्नायू दोन्ही दुखतात. अनेक अंगणवाडी सेविका दीर्घकाळ सेवेत आहेत. त्यांच्या बाबतीत कामाच्या ताणात पाळी गेल्यानंतरची हाडांची झीज आणि गुडघ्यांचा संधिवातही मिसळतो. मनावरचा ताणही मोजायला हवा. कामाचा रेटा जास्त, निर्णयाचा अधिकार कमी आणि मोबदला अनिश्चित असेल, तर स्नायू सैल होत नाहीत आणि वेदना अधिक जाणवते, असे व्यावसायिक आरोग्याच्या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे.

मोजणी आणि मान्यता

कामामुळे शरीर झिजते हा विचार जुना आहे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारण्याचा आग्रह धरला. दुसऱ्यांच्या बाळांना अंगावर पाजून सांभाळणाऱ्या दायांच्या आजारांचाही विचार त्यांनी त्यात केला होता. आजच्या अभ्यासांत बहुधा 1987 साली प्रसिद्ध झालेली नॉर्डिक प्रश्नावली वापरतात. तिच्यात मानेपासून पावलांपर्यंत शरीराचे नऊ भाग चित्रात दाखवलेले असतात. गेल्या वर्षभरात आणि गेल्या सात दिवसांत त्यांपैकी कुठे दुखले, आणि त्यामुळे नेहमीचे काम अडले का, एवढे विचारले जाते. कमी शिकलेल्या मदतनिशीलाही चित्रावर बोट ठेवून उत्तर देता येते. महिन्याच्या प्रकल्प बैठकीत अर्ध्या तासात ही नोंद घेता येण्यासारखी आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2010 साली सुधारलेल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत अंगठ्याजवळच्या स्नायुबंधांची सूज, गुडघे टेकून काम केल्याने होणारी वाटीपुढची सूज, दीर्घकाळ उकिडवे बसल्याने होणारी गुडघ्याच्या कूर्चेची इजा आणि मनगटातील मज्जातंतूवरचा दाब यांचा स्पष्ट समावेश आहे. बालसंगोपनाच्या कामात ही चारही दुखणी संभवतात.

भारतात अडचण कामगार म्हणून असलेल्या दर्जाची आहे. अंगणवाडी सेविकांना वेतन नव्हे, मानधन मिळते. त्या शासकीय पदावर नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली म्हटले. एप्रिल 2022 मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना आणि मदतनिसांना उपदान (ग्रॅच्युइटी) कायद्याचा लाभ लागू असल्याचा निर्णय दिला. 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात त्यांना आयुष्मान भारत योजनेत घेण्याची घोषणा झाली. पण ती योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च भागवते. कंबरदुखीला लागतात ते बाह्यरुग्ण विभागाचे हेलपाटे आणि फिजिओथेरपीचे दिवस. त्यांचा खर्च आणि बुडालेला वेळ सेविकांच्याच पदरी पडतो.

दुखू लागल्यावर

साध्या कंबरदुखीत अंथरुणाला खिळून राहिल्याने फायदा होत नाही. वेदना सोसवेल इतपत हिंडते-फिरते राहिल्यास बरे होण्याचा वेग वाढतो. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आणि थोड्या दिवसांसाठी वेदनाशामक गोळी यांनी आराम पडतो. मात्र दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्यास जठराला व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. अंगठ्याच्या दुखण्यात काही आठवडे पट्टा बांधून अंगठ्याला विश्रांती दिल्यास बहुतेकांना गुण येतो. एक्स-रे किंवा एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या चित्रांतही मणक्यांमधल्या चकत्यांची झीज दिसते.

पुढील लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत: पायात बधिरपणा किंवा दुबळेपणा वाढत जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेची जागा बधिर होणे, ताप किंवा वजन घटण्यासोबत पाठदुखी, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, आणि पडल्यानंतर सुरू झालेली कंबरदुखी. यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

काय बदलता येईल

“नीट वाका, नीट उचला” एवढे शिकवून कंबरदुखी टळत नाही, असे उचलण्याच्या प्रशिक्षणावरील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांतून दिसून आले आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात नियमित व्यायाम आणि त्याच्या जोडीला माहिती यांचा उपयोग दिसला. पण सर्वांत आधी बदलायला हवी ती कामाची जागा आणि मांडणी. घाईच्या वेळी, दोन मुले एकदम रडत असताना कोणालाही शिकवलेली रीत आठवत नाही. खोलीची रचना मात्र प्रत्येक वेळी आपले काम करते.

पाळणाघरात लंगोट बदलण्याची जागा उभ्या स्त्रीच्या कोपराच्या किंचित खाली असावी. तिला मजबूत पायऱ्या जोडल्या तर चालणारे मूल स्वतः चढते आणि एक उचलणे वाचते. पाळण्याची एक बाजू खाली सरकणारी असावी. जमिनीवर शिकवताना भिंतीला टेकून, मागे उशी घेऊन बसण्याची जागा ठरवावी, किंवा पाठीला आधार असलेले, मोठ्या माणसाच्या मापाचे कमी उंचीचे स्टूल ठेवावे. गुडघे टेकण्यासाठी जाड चटई हवी. शेगडी जमिनीवर न ठेवता ओट्यावर ठेवावी. पोत्यातील तांदूळ लहान डब्यांत काढून कमरेच्या उंचीच्या फळीवर ठेवावा. सिलिंडर पोहोचवणाऱ्याने तो शेगडीजवळ नेऊन बसवून द्यावा.

मुले आणि ओझी यांचे काम आळीपाळीने वाटून घेतले, तर एकाच अवयवावर सतत भार येत नाही. उचलताना मूल आधी छातीशी घ्यावे आणि मगच उठावे. वळायचे असेल तर कमरेतून न पिळता पावले टाकून वळावे. बाळाला अंगठ्यांच्या चिमट्यात न धरता तळहात आणि पुढचे हात खाली घालून उचलावे. कडेवरची बाजू बदलत राहावी. पोट, पाठ आणि मांड्यांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आठवड्यातून तीन-चार दिवस केले, तर हाच भार पेलणे सोपे जाते. मुलांच्या रोजच्या कवायतीत हे व्यायाम सहज मिसळता येतात.

यातील बहुतेक गोष्टी स्वस्त आहेत. ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण 2.0’ मोहिमेत देशातील दोन लाख केंद्रे सुधारण्याचे ठरले आहे. तेथे मुलांसाठी खेळणी, चित्रे आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घेताना मदतनिशीसाठी ओटा आणि शिक्षिकेसाठी पाठ टेकायचे स्टूलही त्याच यादीत लिहिले जावे. कंपन्यांच्या पाळणाघरांची तपासणी करताना मुलांच्या सुरक्षिततेबरोबर सांभाळणारीच्या टेबलाची उंची आणि एका ताईमागे किती बाळे आहेत, हेही पाहिले जावे. कंबर दुखणाऱ्या बाईला मूल उचलायला उशीर होतो, तिचा हात सुटण्याचा धोका वाढतो, आणि अनुभवी ताई काम सोडून गेली की तिला सरावलेली मुले बावरतात. म्हणून सांभाळणारीच्या अंगदुखीवरचा खर्च हा मुलांच्या सांभाळावरचाच खर्च आहे.